नॉट म्हणजे गाठ

देवनागरीत ‘नॉट’ लिहिलं की वाचणाऱ्याला आधी ‘नाही’ दिसतं. इंग्रजीत हा घोळ होत नाही, कारण समुद्रावरच्या नॉटच्या, म्हणजे जहाजाचा वेग मोजायच्या एककाच्या, दारात एक मुका ‘के’ उभा असतो. तो पूर्वी मुका नव्हता. जुन्या इंग्रजीत शब्द होता ‘क्नोत्ता’, आणि त्यातला ‘क’ चांगला खणखणीत उच्चारला जायचा. पुढे इंग्रजांच्या जिभेने तो सोडला, स्पेलिंगने धरून ठेवला. जर्मन माणूस आजही ‘क्नोटेन’ म्हणतो, डच माणूस ‘क्नोप’. अर्थ सगळीकडे एकच आणि अगदी घरगुती: गाठ. दोरीला मारतो ती.

आता जहाजाचा वेग गाठींमध्ये का मोजायचा? बैलगाडीचा वेग कासऱ्यात मोजावा तसलाच हा प्रकार वाटतो. पण ही एकट्या इंग्रजीची लहर नाही. फ्रेंच खलाशी त्याच एककाला ‘नो’ म्हणतो, स्पॅनिश ‘नुदो’ आणि पोर्तुगीज ‘नॉ’, आणि या तिन्ही शब्दांचा त्यांच्या-त्यांच्या भाषेतला रोजचा अर्थ गाठ हाच आहे. या सगळ्यांनी अर्थ घेतला, आपण फक्त आवाज घेतला. त्यामुळे ‘जहाजाने २० नॉटचा वेग गाठला’ असं मराठीत लिहिताना त्या वाक्यात गाठ दोनदा येते, आणि दोन्हीकडे ती कुणाला दिसत नाही.

मराठीत या गोष्टीला चपखल बसणारा एक शब्द आधीपासून आहे: खूणगाठ. विसरू नये म्हणून पदराला किंवा उपरण्याला मारायची ती. जहाजावरची गाठ नेमकी तीच होती. दोरीवर ठरावीक अंतरावर मारलेली खूणगाठ.

ती का मारावी लागली हे कळायला आधी खलाशाची अडचण समजून घेऊ. जमिनीवर वेग मोजणं सोपं, कारण जमीन जागची हलत नाही. मैलाचा दगड, झाड, देऊळ, काहीतरी मागे पडत असतं. समुद्रात किनारा दिसेनासा झाला की मागे पडायला काहीच उरत नाही. चहूकडे तेच पाणी. जहाज चालतंय हे कळतं, किती चालतंय ते कळत नाही. आणि ते कळणं जिवावरचं असतं, कारण उपग्रह येण्याआधी ‘आपण कुठे आहोत’ या प्रश्नाचं रोजचं उत्तर एकाच हिशोबातून यायचं: होकायंत्राने दाखवलेल्या दिशेला, अमुक वेगाने, इतके तास आलो, म्हणजे आता इथे असू. ढगाळ हवेत सूर्य-तारे दिसेनासे झाले की फक्त हाच हिशोब हाती उरायचा. वेग चुकला तर जागा चुकली, आणि जागा चुकली तर अंधारात खडक.

सर्वांत जुनी युक्ती अगदी पोरखेळ वाटावी अशी होती. जहाजाच्या पुढच्या टोकाला एकाने लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचा, आणि तो मागच्या टोकाशी यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तुकडा पाण्यात जवळपास जागच्या जागी राहतो, जहाज त्याच्या शेजारून निघून जातं. जहाज ३० मीटर लांब आणि वेळ १० सेकंद, तर वेग सेकंदाला ३ मीटर. इंग्रज या पद्धतीला ‘डचमनचा लॉग’ म्हणत. तत्त्व बरोबर, पण जहाज आखूड आणि वेळ इतका थोडा की एका सेकंदाची चूक झाली तरी उत्तर दहा टक्क्यांनी हुकणार. शिवाय भागाकार करावा लागणार, तोही डुलत्या जहाजावर, बहुधा निरक्षर माणसाने.

मग कुणाला तरी सुचलं: लाकूड तेच, पण त्याला दोरी बांधा. जहाज पुढे जाईल, लाकूड मागे राहील, दोरी सुटत जाईल. जहाजाची लांबी मोजण्यापेक्षा ठरावीक वेळात किती दोरी गेली ते मोजा. दोरी हवी तेवढी लांब ठेवता येते. विल्यम बॉर्न नावाच्या इंग्रजाने १५७४ साली नौकानयनावर एक पुस्तक छापलं, त्यात या उपकरणाचं छापील वर्णन पहिल्यांदा सापडतं.

या लाकडाला म्हणायचे ‘लॉग’, म्हणजे ओंडका. सुरुवातीला तो खरोखर ओंडक्याचा तुकडाच असावा. पुढे मात्र त्याची एक सुबक फळी झाली, भाकरीचा चतकोर असतो तशी, पाव वर्तुळाच्या आकाराची. तिच्या गोल कडेला शिसं ठोकलेलं. त्यामुळे ती पाण्यात आडवी तरंगत नाही, उभी राहते, आणि उभी फळी पाण्याला अडते. अडली पाहिजे, कारण ती जहाजामागे ओढली गेली तर माप कमी येणार. फळीच्या तिन्ही कोपऱ्यांना बारीक दोऱ्या, त्या पुढे एका दोरीत एकत्र. त्यातली एक दोरी नुसती लाकडी खुंटीने अडकवलेली. माप झालं की दोरीला जोराचा हिसका द्यायचा, खुंटी निसटते, फळी आडवी पडते आणि सहज ओढून घेता येते. जुन्या कारागिरीतला हा खुंटीचा बारकावा मला फार आवडतो. ज्याने तो काढला त्याने आधी ती उभी फळी ओढून ओढून हात सोलून घेतले असणार.

हे काम तिघांचं. एक जण दोरीची फिरकी दोन्ही हातांनी डोक्यावर धरतो, पतंग उडवणाऱ्याच्या मागे फिरकी धरून उभं राहणाऱ्या पोरासारखा. दुसऱ्याच्या हातात वाळूचं घड्याळ. तिसरा फळी पाण्यात सोडतो. सुरुवातीची बरीचशी दोरी मोकळी जाऊ द्यायची, कारण जहाजाच्या मागे पाणी ढवळलेलं असतं, फळी त्यातून बाहेर पडली पाहिजे. ती मोकळी दोरी संपते तिथे कापडाची चिंधी बांधलेली. चिंधी हातातून गेली की तिसरा ओरडतो ‘टर्न!’, दुसरा घड्याळ उलटं करतो. वाळू संपताच तो ओरडतो ‘स्टॉप!’, आणि तिसरा दोरी घट्ट पकडतो. चिंधीनंतर किती गाठी बोटांतून गेल्या? पाच? मग जहाज पाच नॉटने चाललंय.

या गाठी म्हणजे जाड दोरीलाच मारलेल्या गाठोड्या नव्हेत. दोरीच्या पिळात बारीक सुतळी ओवून तिला गाठी मारायचे: दुसऱ्या खुणेला दोन, तिसऱ्या खुणेला तीन. म्हणजे रात्री काळोखातही बोटांनी चाचपून आकडा वाचता येई. वाळूचं घड्याळ साधारण २८ सेकंदांचं, आणि दोन खुणांमधलं अंतर ४७ फूट ३ इंच, म्हणजे १४.४ मीटर. जहाज जोरात असलं की दोरी फार जायची. दहा नॉटला जवळजवळ १४४ मीटर. म्हणून १४ सेकंदांचं दुसरं घड्याळही जवळ असे. ते वापरलं की आलेला आकडा दुप्पट करायचा.

हे ४७ फूट ३ इंच कुठून आले, इथे खरी गंमत आहे. डॉक्टर नाडी मोजताना पूर्ण मिनिटभर थांबत नाहीत. पंधरा सेकंद मोजतात आणि चाराने गुणतात. लॉगची दोरी त्याच्याही पुढे जाते: ती गुणाकार आधीच करून ठेवते. तासात ३,६०० सेकंद. घड्याळ २८ सेकंदांचं. म्हणजे तासाचा हा साधारण १२९ वा हिस्सा. आता सागरी मैल घ्या, त्याचाही तितकाच हिस्सा करा आणि तेवढ्या अंतरावर गाठी मारा. ६,०८० फुटांच्या सागरी मैलाला २८ ने गुणून ३,६०० ने भागलं की उत्तर येतं ४७ फूट आणि साडेतीन इंचांच्या आत. झालं. २८ सेकंदांत जितक्या गाठी गेल्या, तितकेच सागरी मैल जहाज तासाभरात जाणार. भागाकार नको, पाढे नकोत. गणित दोरीत गुंफून ठेवलंय, खलाशाने फक्त मोजायचं.

म्हणून ‘नॉट’ या शब्दात तास आधीच बसलेला आहे. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. ‘ताशी २० नॉट’ म्हणणं म्हणजे ‘ताशी २० किलोमीटर प्रतितास’ म्हणण्यासारखं. बातम्यांमध्ये ही चूक सर्रास दिसते, आणि समुद्रावरची माणसं ती ऐकली की नाक मुरडतात. त्यांनी फार मुरडू नये. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलची लांबी चक्क ‘नॉट’मध्ये लिहायचे, म्हणजे नॉट हा सरळ सागरी मैलाचाच दुसरा शब्द होऊन बसला होता. त्या अर्थाने ‘ताशी इतके नॉट’ बरोबरच ठरतं. आज मात्र नियम पक्का झालाय: नॉट म्हणजे वेग, अंतर नव्हे.

आता सागरी मैल. हा मैल नेहमीच्या मैलापेक्षा मोठा का, असं विचारणाऱ्याला सहसा ‘तो समुद्रावरचा मैल’ असं उत्तर मिळतं, म्हणजे काहीच मिळत नाही. रस्त्यावरचा मैल माणसांनी आपसात ठरवला. सागरी मैल पृथ्वीच्या गोलाईवरून घेतलेला आहे. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत अक्षांशाचे ९० अंश. प्रत्येक अंशाचे ६० भाग, त्यातल्या एका भागाला कोनाच्या भाषेत मिनिट म्हणतात. अक्षांशाचं एक मिनिट ओलांडायला उत्तर-दक्षिण जितकं अंतर जावं लागतं, तो एक सागरी मैल.

याचा फायदा नकाशा समोर घेतल्याशिवाय कळत नाही. मुंबई बंदर साधारण १८ अंश ५६ मिनिटं उत्तर अक्षांशावर, पणजी १५ अंश ३० मिनिटांवर. वजाबाकी केली की ३ अंश २६ मिनिटं. अंशांची मिनिटं करा: १८० अधिक २६, म्हणजे २०६. मुंबईपासून पणजीच्या अक्षांशापर्यंत सरळ दक्षिणेला २०६ सागरी मैल. दहा नॉटने निघालात तर साडेवीस तासांच्या आसपास. नकाशाच्या उभ्या कडेवर अक्षांश छापलेलेच असतात, त्यामुळे तीच कड खलाशाची फूटपट्टी होते. कंपासची दोन टोकं दोन जागांवर ठेवायची आणि तो तसाच उचलून त्याच उंचीला कडेवर ठेवायचा. आडव्या कडेवर मात्र ठेवायचा नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात, त्यामुळे तिथलं मिनिट सगळीकडे सारख्या लांबीचं नसतं.

बारकाईने पाहिलं तर अक्षांशाचं मिनिटही अगदी सारखं नाही. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे, त्यामुळे ते विषुववृत्तावर सुमारे १,८४३ मीटर भरतं आणि ध्रुवाशी सुमारे १,८६२. प्रत्येक देशाचं नौदल आपापला आकडा धरून बसलं होतं. १९२९ साली मोनाकोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय जलमापन परिषदेत तो १,८५२ मीटर असा ठरवला गेला. ब्रिटनने आपले ६,०८० फूट १९७० पर्यंत सोडले नाहीत. फरक दीड मीटरहूनही कमी, पण हट्ट मोठा.

१,८५२ हा आकडा विचित्र दिसतो, तसा तो नाही. फ्रेंचांनी मीटर ठरवला तोही पृथ्वीवरूनच: ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर म्हणजे एक कोटी मीटर, अर्थात १०,००० किलोमीटर. त्याच अंतरात अक्षांशाची मिनिटं किती? ९० गुणिले ६०, म्हणजे ५,४००. दहा हजाराला ५,४०० ने भागा: १.८५२ किलोमीटर. एकच अंतर, एकाने दहाच्या पटीत कापलं, दुसऱ्याने साठाच्या.

कोकणातल्या मच्छीमाराला हा मैल परका नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचं नियमन राज्याकडे, त्यापुढे केंद्राकडे, त्यामुळे ‘बारा मैलांच्या आत’ आणि ‘बारा मैलांच्या बाहेर’ यावरून बंदरावर तावातावाने वाद होतात. ते बारा मैल रस्त्यावरचे नव्हेत. रस्त्याच्या मैलाने १९ किलोमीटर आणि वर थोडे होतील, सागरी मैलाने २२ किलोमीटरच्या वर. मधल्या तीन किलोमीटरच्या पट्ट्यात बरीच मासळी असते.

पण १५७४ मध्ये बॉर्नने लॉगचं वर्णन केलं तेव्हा पृथ्वी नेमकी केवढी हेच इंग्रज खलाशांना धड माहीत नव्हतं. त्यांनी सागरी मैल ५,००० फुटांचा धरला होता, घड्याळ ३० सेकंदांचं, आणि गाठी ४२ फुटांवर. ४२ फूट म्हणजे सात फॅदम. फॅदम हा आणखी एक सुंदर शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ दोन्ही पसरलेले हात, कवेत घ्यायला पसरतात तसे. आपल्याकडे दर्यावर्दी लोकांची वाव हीच: संस्कृतातला ‘व्याम’, मराठीत वाव. पाणी किती खोल? इतकी वाव. दोरी हातांनी ओढत, पसरत, मोजायची. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता माणसाच्या छातीवरून एकच माप काढलं. म्हणजे इंग्रज खलाशाच्या गाठी सात-सात वावांवर होत्या.

मग रिचर्ड नॉरवूड नावाच्या गणितज्ञाने हे तपासायचं ठरवलं. १६३० च्या दशकात त्याने लंडनला आणि यॉर्कला दुपारच्या सूर्याची उंची मोजून दोन्ही शहरांच्या अक्षांशातला फरक काढला, आणि मधलं अंतर जमिनीवरून साखळीने मोजलं, जिथे साखळी टाकता आली नाही तिथे पावलांनी. रस्त्याची वळणं, चढउतार, सगळ्यांचा हिशोब करून त्याने १६३७ मध्ये छापलं की एक अंश म्हणजे ३,६७,१९६ फूट, अर्थात मिनिटाला सुमारे ६,१२० फूट. आजच्या मोजमापाशी ताडून पाहिलं तर चूक अर्ध्या टक्क्याहून जराशीच जास्त. पावलांनी!

याचा अर्थ ३० सेकंदांच्या घड्याळाला गाठी ५१ फुटांवर हव्या होत्या, आणि खलाशी त्या ४२ वर मारत होते. जहाज खरं पाच नॉटने चालत असलं तर दोरी सहा दाखवणार. नॉरवूडचं ऐकून खलाशांनी दोऱ्या बदलल्या का? लगेच नाही, आणि पुढेही बराच काळ नाही. त्याला नुसता अडाणीपणा म्हणता येत नाही. दोरी वेग वाढवून सांगते म्हणजे हिशोबात जहाज खऱ्या जागेच्या पुढे असतं. किनारा अजून दूर असतानाच ‘आला, आला’ म्हणून डोलकाठीवर माणूस चढतो, शिडं आवरली जातात, खोली मोजली जाते. उलट चूक झाली तर? किनारा अजून लांब आहे असं समजून झोपलेलं जहाज खडकावर. जास्त दाखवणारं घड्याळ गाडी चुकवत नाही, हा आपल्या घराघरांतल्या पाच मिनिटं पुढे लावलेल्या भिंतीवरच्या घड्याळाचा न्याय. काहींनी मधला मार्ग काढला. दोरी जुनीच ठेवली आणि घड्याळातली वाळू कमी केली. तडजोडी होत होत २८ सेकंद आणि ४७ फूट ३ इंच ही जोडी रूढ झाली.

दोरी आणि वाळू दोन्ही तशा लहरीच. दोरी भिजली की आखडते, वापरून ताणते, म्हणून जहाजाच्या डेकवर मापाच्या खुणा ठोकलेल्या असत आणि अधूनमधून दोरी त्यांच्याशी लावून पाहत. वाळू दमट हवेत सावकाश पडते, म्हणजे वेळ लांबतो, म्हणजे गाठी जास्त जातात.

तासातासाला आलेले आकडे आधी पाटीवर खडूने लिहायचे: वेळ, दिशा, गाठी, वारा. मग ते एका वहीत उतरवायचे. लॉगचे आकडे लिहायची वही म्हणून ती लॉगबुक. हळूहळू त्या वहीत आकड्यांपलीकडचंही सगळं यायला लागलं. कोण आजारी पडला, कुणाला फटके दिले, कुठलं शीड फाटलं. ओंडका विसरला गेला, वही राहिली. विमानं आली, त्यांचीही लॉगबुकं झाली. १९६० च्या दशकात एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी आळीपाळीने काम करायचे दिवस आले, तेव्हा कोण किती वाजता आला आणि गेला याची नोंद लागायची. त्या नोंदीत शिरणं म्हणजे लॉग इन. १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी आपल्या जालावरच्या नोंदवहीला ‘वेबलॉग’ म्हटलं, १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गमतीने तो शब्द मधेच तोडला, आणि उरला ‘ब्लॉग’. बँकेच्या संकेतस्थळावर पासवर्ड टाकून आपण लॉग इन करतो तेव्हा शब्दापुरता का होईना, मागे तो शिसं ठोकलेला चतकोर पाण्यात उभा असतो.

समुद्री शब्दांच्या नावावर खोट्या कथा फार खपतात, म्हणून इथे थोडं सावध राहिलेलं बरं. लॉगरिदमचा या ओंडक्याशी काही संबंध नाही. ते ग्रीक ‘लोगोस’पासून आलं. श्रीमंती दाखवणाऱ्या ‘पॉश’ शब्दाची कथा तर मुंबईलाच चिकटवलेली: इंग्लंडहून मुंबईला येताना बोटीची डावी बाजू सावलीची आणि परतताना उजवी, म्हणून बड्या प्रवाशांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी, परतताना उजवी) या चार शब्दांची आद्याक्षरं छापत असत म्हणे. असं तिकीट आजवर एकही सापडलेलं नाही. कथा मात्र प्रत्येक चहाच्या टेबलावर सापडते. नॉट आणि लॉगच्या बाबतीत तशी शंका नाही, कारण दोरी, फळी, फिरकी आणि वाळूचं घड्याळ आजही नौकानयनाच्या संग्रहालयांत जपून ठेवलेली दिसतात.

पुढे १८०२ मध्ये एडवर्ड मॅसी यांनी जहाजामागे ओढत न्यायच्या, पाण्यात भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या पात्यांच्या लॉगचं पेटंट घेतलं, १८६१ मध्ये थॉमस वॉकर यांनी तो आणखी सुधारला. फेऱ्या मोजून तबकडीवर मैल दाखवायचा तो, रिक्षाच्या मीटरसारखा. आता विद्युतचुंबकीय लॉग आहेत, ध्वनिलहरींवर चालणारे आहेत. फळी गेली, पण मोजायच्या यंत्राला जहाजावर आजही लॉगच म्हणतात.

या सगळ्या प्रकारात एक मेख मात्र सुरुवातीपासून आहे. लॉग वेग मोजतो तो पाण्याच्या तुलनेत. आणि पाणी स्वतःच चाललेलं असेल तर? धावत्या लोकलच्या डब्यात तुम्ही दाराकडे चालत निघालात, तर डब्याच्या हिशोबात तुमचा वेग ताशी चार किलोमीटर, रुळाच्या हिशोबात कितीतरी वेगळा. समुद्राचा प्रवाह हा तो डबा. तुम्ही आणि तुमची फळी दोघंही त्याच डब्यात, त्यामुळे फळीला प्रवाह दिसतच नाही. जहाज १० नॉटने चाललंय आणि समोरून २ नॉटचा प्रवाह आहे, तर लॉग दहाच सांगणार, आणि किनारा आठच्या वेगाने जवळ येणार. जीपीएस याच्या उलट, ते जमिनीच्या तुलनेतला वेग सांगतं. आजच्या जहाजावर हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात, आणि त्यांच्यातला फरक हीच एक माहिती असते: प्रवाह किती ते त्यातून कळतं.

हा फरक विसरला की काय होतं, ते ८ सप्टेंबर १९२३ च्या रात्री कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिसलं. अमेरिकन नौदलाच्या १४ विनाशिका सॅन फ्रान्सिस्कोहून सॅन डिएगोकडे २० नॉटने निघाल्या होत्या. धुकं दाट. पुढच्या ‘डेल्फी’ जहाजावर जागेचा हिशोब जहाजाला ढकलणाऱ्या पंख्याच्या फेऱ्यांवरून चालला होता: इतक्या फेऱ्या, म्हणजे इतका वेग, म्हणजे आता आपण सांता बार्बराच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी. किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्राने सांगितलेली दिशा या हिशोबाशी जुळत नव्हती. ती जहाजं अजून उत्तरेला असल्याचं दाखवत होती. ते तंत्र नवं, हिशोब जुना. हिशोबावर विश्वास ठेवला. रात्री नऊच्या सुमाराला डेल्फीने डावीकडे वळण घेतलं आणि होंडा पॉइंटच्या खडकांवर गेली. मागची जहाजं तिच्या मागोमाग. सात विनाशिका तिथेच संपल्या, २३ माणसं गेली. प्रवाह आणि लाटा नेहमीसारख्या नव्हत्या. आठवडाभर आधी, १ सप्टेंबरला, जपानात टोकियोचा तो प्रचंड भूकंप झाला होता, आणि त्या विचित्र पाण्याचा संबंध अनेकांनी त्याच्याशी जोडला आहे.

आणि चूक कुठल्या बाजूची होती? हिशोब जहाजाला पुढे दाखवत होता, जुन्या ४२ फुटी दोरीसारखाच. पुढे असल्याचा भ्रम नाकासमोर किनारा असला तर वाचवतो. इथे किनारा डावीकडे होता, आणि पुढे आलो असं समजून वळायचं होतं. सुरक्षित बाजूची चूक नेमकी कोणती, हे जहाजाचं तोंड कुठे आहे त्यावर ठरतं.

समुद्रावरून नॉट आकाशात गेला, कारण वैमानिकही त्याच अक्षांश-रेखांशांवर वाट काढतात. आणि आकाशातून तो आपल्या घरात येतो, दरवर्षी मे-जूनमध्ये, हवामान खात्याच्या इशाऱ्यातून. चक्रीवादळ कधी म्हणायचं? वारा ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला की. तीव्र चक्रीवादळ ८९ पासून, अतितीव्र ११८ पासून. किलोमीटरमध्ये विचार करणारा कुणीही माणूस ६०, ९०, १२० असं धरेल. हे आकडे असे वेडेवाकडे, कारण ते मुळात नॉटमधले आहेत: ३४, ४८ आणि ६४. (नॉटचे किलोमीटर पटकन करायचे असतील तर दुप्पट करून किंचित कमी करा. ४८ चे ९६, थोडे कमी म्हणजे ८९.)

पण मग ३४, ४८, ६४ तरी कुठून आले? तेही काही पूर्ण आकडे नव्हेत. ते आले फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या पट्टीवरून. वाऱ्याचा वेग मोजायचं भरवशाचं यंत्र जहाजावर नव्हतं तेव्हा, १८०५-०६ च्या सुमाराला, त्याने वाऱ्याच्या ० ते १२ अशा पायऱ्या पाडल्या, आणि १८३० च्या दशकात ब्रिटिश नौदलाने ती पट्टी सगळ्या जहाजांसाठी लागू केली. वाऱ्याची प्रत्येक पायरी जहाजाच्या वागण्यावरून ओळखायची. दुसऱ्या पायरीचा वारा कोणता? सगळी शिडं उभारलेली युद्धनौका शांत पाण्यात ज्याच्या जोरावर १ ते २ नॉटने जाते तो. तिसरी पायरी ३ ते ४ नॉटची, चौथी ५ ते ६ नॉटची. म्हणजे वारा मोजायला खलाशी काय करायचा? फळी पाण्यात टाकायचा आणि गाठी मोजायचा.

पाचव्या पायरीपासून गाठी थांबतात, कारण तिथून पुढे किती वेगाने जातो यापेक्षा किती शिडं उभी ठेवता येतील हा प्रश्न असतो. एकेका पायरीला एकेक शीड उतरतं. यंत्रं आल्यावर या पायऱ्यांना वाऱ्याचे आकडे चिकटवले गेले, त्यात आठवी पायरी ३४ नॉटपासून सुरू झाली, दहावी ४८ पासून, बारावी ६४ पासून. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं ‘निसर्ग’ हे तीव्र चक्रीवादळ होतं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा ज्याने झोपवल्या तो वारा या पट्टीवर दहाव्या-अकराव्या पायरीचा. त्याच्या वर ब्यूफोर्टने एकच पायरी ठेवली होती, आणि तिच्यापुढे ना वेग लिहिला होता ना गाठी. एवढंच लिहिलं होतं, की या वाऱ्यात कुठलंही शीड टिकणार नाही.